गव्हाणींतील गहूं

श्रावणी अमावास्येच्या आदल्या दिवशीं आपल्या वऱ्हाडांत बैलांच्या खांद्यांस लोणी व हळद चोळतात, आणि त्यांस दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचें आवतण देतात. ज्यानें वर्षभर औत ओढलें त्यास एक दिवस तरी विश्रांति व गोडधोड मिळावें, ही भावना किती सुंदर आहे! पोळ्याच्या दिवशीं बैल न्हाऊन, झूल पांघरून, शिंगांस बेगड लावून तोरणाखालीं उभा राहतो. घरीं येतांच घरधनीण त्याचे पाय धुते, त्यास ओवाळते व पुरणपोळीचा घास त्याच्या मुखांत देते. येथपर्यंत सर्व ठीक आहे. परंतु पुष्कळ ठिकाणीं प्रेमाच्या भरांत एका घासाचे वीस घास होतात. आळींतील प्रत्येक घर आपापली पोळी पुढें करितें, कोणी पाटीभर ठोंबरा ओततो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं तोच बैल दावणीला मान टाकून पडलेला आढळतो. घरचीं माणसें म्हणतात, ‘दृष्ट लागली.’ खरें पाहतां त्यास दृष्ट लागलेली नसते. पोळी लागलेली असते.

विद्यार्थिमित्रांनो, हा विषय मोठ्यांचा आहे असें म्हणून पान उलटूं नका. सायंकाळीं शाळा सुटल्यावर घरीं प्रथम कोण येतें? तुम्हीच. आईवडील अद्याप शेतांत असतात. दावें तोडून गाय गव्हाच्या राशीपाशीं गेली, तर तें प्रथम तुमच्याच दृष्टीस पडणार. कडबा टाकणें, पाणी दाखविणें, ढेप भिजविणें, हीं कामेंही बहुधा मुलांकडेच असतात. म्हणून धान्य जनावराच्या पोटांत गेल्यावर काय होतें, तें केव्हां अमृत ठरतें व केव्हां विष, हें तुम्हांस ठाऊक असणें अवश्य आहे.

आपला जळगांव जामोद तालुका सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेला असून दक्षिणेकडे पूर्णेचें खोरें पसरलेलें आहे. काळी जमीन, कापूस, ज्वारी, तूर, हरभरा व गहूं ही या भागाची जुनी संपत्ति होय. सोयाबीन व मका यांची भर मागाहून पडली. या पिकांवरच येथील गुरेंढोरें पोसलीं गेलीं आहेत. ज्वारीचा कडबा हें त्यांचें मुख्य अन्न. तुरीचें व हरभऱ्याचें कुटार हें तोंडीलावणें. आणि कापसापासून निघालेली सरकी व तिची ढेप हा त्यांचा खुराक. पूर्णाकांठची भुरकट रंगाची पूर्णाथडी म्हैस, जिला आतां स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे, ती याच चाऱ्यावर दूध देत आलेली आहे. परंतु गेल्या कांहीं दशकांत विदर्भांत ज्वारीचा पेरा उतरत गेला आणि सोयाबीनचा वाढत गेला. ज्वारी गेली तशी कडब्याची गंजीही गेली. गव्हाणी रिकाम्या पडूं लागल्या म्हणजे शेतकऱ्याचा हात सहजच घरांतील धान्याकडे वळतो. म्हणून हा प्रश्न आज पूर्वीपेक्षां अधिक महत्त्वाचा झाला आहे.

आतां गाईच्या पोटाची रचना पाहूं. माणसाच्या जठरासारखें तिचें पोट एका कप्प्याचें नसून चार कप्प्यांचें असतें. पहिलें कोठीपोट, दुसरें जाळीपोट, तिसरें पडदेपोट आणि चौथें खरें पोट. यांत कोठीपोट सर्वांत मोठें. मोठ्या गाईच्या कोठीपोटांत शंभर लिटरांहून अधिक माल मावतो. गाय घाईघाईनें चरते, चारा तेथें सांठविते, आणि मग निवांत बसून तोच चारा पुन्हां तोंडांत आणून चघळते. हेंच रवंथ. दिवसाचे सहा ते आठ तास ती या उद्योगांत घालविते. चघळतांना पुष्कळ लाळ सुटते आणि त्या लाळेंत खाण्याच्या सोड्यासारखे क्षार असतात. हे क्षार पोटांतील आंबटपणा मारितात.

पण या कोठींतील खरे कामकरी निराळेच आहेत. डोळ्यांस न दिसणारे कोट्यवधि सूक्ष्म जीव तेथें वास करितात. गवतांतील व कडब्यांतील जो चिवट भाग आपण पचवूं शकत नाहीं, तो हे जीव कुजवून फोडतात आणि त्यांपासून गाईस उपयोगी पडणारीं आम्लें तयार करितात. गाय कडबा खाते हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. गाय या जीवांस कडबा खाऊं घालते आणि हे जीव गाईस पोसतात, असें म्हटलें तर तें अधिक यथार्थ होईल.

अशा कोठींत एकाएकीं चारपांच किलो गहूं येऊन पडला म्हणजे काय होतें? गव्हांत सुमारें दोन तृतीयांश भाग पिष्टमय पदार्थ असतो. कडबा कुजावयास पुष्कळ वेळ लागतो, पण हें पिष्ट थोड्याच तासांत आंबूं लागतें. पिष्टावर जगणारे जीव झपाट्यानें वाढतात आणि दह्यांत जें आम्ल असतें तेंच दुग्धाम्ल अतिशय मोठ्या प्रमाणांत निर्माण करितात. आंबटपणा वाढला कीं कडबा पचविणारे जीव मरूं लागतात. रवंथ बंद पडतें. रवंथ नाहीं म्हणून लाळ नाहीं. लाळ नाहीं म्हणून आम्ल मारणारा क्षार नाहीं. आणि त्यामुळें आम्ल आणखी वाढतें. असें हें दुष्टचक्र सुरू होतें. पुढें शरीरांतील पाणी रक्तांतून ओढलें जाऊन पोटांत उतरतें. पोट पाण्यानें डबडबतें, पण जनावर मात्र आंतून सुकत जातें. डोळे खोल जातात. आम्ल रक्तांत भिनलें म्हणजे जनावर झोकांड्या खातें, खालीं बसतें, आणि वेळेवर उपचार न झाल्यास एकदोन दिवसांत प्राण सोडतें. यास आम्लधर्मी अपचन असें म्हणतात. यांतून वांचलेल्या कांहीं जनावरांचे खूर पुढें बिघडतात आणि तीं कायमचीं लंगडूं लागतात.

ही भीति पुस्तकी नाहीं. सन २०२३ च्या फेब्रुवारी महिन्यांत कोल्हापूरजवळील कणेरी येथें एका मोठ्या उत्सवाच्या वेळीं गोशाळेंतील गाईंनीं उरलेलें शिळें अन्न खाल्लें आणि पन्नासांहून अधिक गाई दगावल्या, असें वृत्त त्या वेळीं प्रसिद्ध झालें होतें. लग्नसराईंत आपल्या गांवींही पंगत उठल्यावर पोळ्या व भात पाट्यांत भरून गोठ्यांकडे नेतात. अन्न वायां जाऊं नये हा हेतु चांगला. परंतु शिजलेलें पिष्ट कच्च्या धान्यापेक्षांही लौकर आंबतें, हें देणाऱ्यास ठाऊक नसतें.

सर्व धान्यें सारख्याच वेगानें आंबत नाहींत, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे. गहूं व जव फार वेगानें आंबतात. मका व ज्वारी त्या मानानें सावकाश. ज्वारीचा दाणा कठीण असतो. तो न भरडतां घातला तर पुष्कळ दाणे जसेच्या तसे शेणांतून बाहेर पडतात आणि कोंबड्या ते टिपीत बसतात, हें आपण नेहमींच पाहतों. अर्थात् ज्वारी निर्धोक आहे असें नव्हे. कोणतेंही धान्य एकदम पोटभर मिळालें तर तें अपाय करितेंच. गव्हाचा अपाय लौकर होतो, इतकेंच. धान्य जितकें बारीक दळावें तितकें तें लौकर आंबतें. म्हणून कणीक सर्वांत धोक्याची. शंकरपटाच्या बैलांस कणकेचे गोळे चारण्याची कित्येकांस हौस असते. त्यांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत घ्यावी.

मग काय जनावरांस धान्य मुळींच देऊं नये? तसें नाहीं. ज्या गाईच्या कांसेंत दूध आहे, जी गाभण आहे, ज्या बैलास दिवसभर औत ओढावयाचें आहे, जें वासरूं झपाट्यानें वाढत आहे, त्यांस केवळ कडब्यावर पुरेशी शक्ति मिळत नाहीं. गहूं हें शक्तिदायक अन्न आहे. या बाबतींत तो मक्याच्या जवळजवळ तोडीचा असून प्रथिनें त्यांत मक्यापेक्षां कांहीशीं अधिक असतात. जन्मतः वासराचें कोठीपोट लहान व कच्चें असतें. दूध चालू असतांनाच दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून भरड्याची चिमूट चाटावयास दिल्यास तें लौकर कामास लागतें. सरकी मात्र लहान वासरांस देऊं नये, कारण तींत एक विषारी द्रव्य असतें. मोठीं जनावरें तें सोसतात, वासरांस तें बाधतें.

प्रमाण कसें ठरवावें तें एका हिशेबानें पाहूं. हा तुमच्या अंकगणिताचाच एक धडा समजा. एका देशी गाईचें वजन ३०० किलो आहे आणि ती दररोज ५ लिटर दूध देते. तिच्या शरीराच्या निर्वाहासाठीं दीड किलो खुराक, आणि दर अडीच लिटर दुधामागें एक किलो अधिक, असा साधारण नियम आहे. म्हशीचें दूध अधिक स्निग्ध, म्हणून तिला दर दोन लिटरांमागें एक किलो धरितात. तेव्हां आपल्या गाईस दीड अधिक दोन, म्हणजे साडेतीन किलो खुराक लागेल. पण खुराक म्हणजे केवळ धान्य नव्हे. शंभर किलो खुराकांत सुमारें ३५ किलो भरडलेलें धान्य, ३० किलो ढेप, ३२ किलो चुनी व कोंडा, २ किलो खनिज मिश्रण आणि १ किलो मीठ असावें. या हिशेबानें गाईच्या वांट्यास दिवसाला सव्वा किलोच्या आंतबाहेर धान्य येतें. त्यांत निम्मा गहूं आणि निम्मी ज्वारी किंवा मका घातला, तर गहूं सुमारें सहाशें ग्रॅम. आणि तोही दोन वेळां विभागून, म्हणजे एका वेळीं तीनशें ग्रॅम. कोठें हे तीनशें ग्रॅम, आणि कोठें राशींत तोंड घालून खाल्लेला पांच किलो गहूं!

या हिशेबाबरोबर कांहीं नियम पाळले पाहिजेत. पहिला नियम असा कीं, ज्या जनावरास धान्याची सवय नाहीं त्यास पावशेरापासून आरंभ करावा आणि दर दोनतीन दिवसांनीं थोडें थोडें वाढवीत दोनतीन आठवड्यांनीं पूर्ण मापावर यावें. कारण पोटांतील सूक्ष्म जीवांस नव्या अन्नाशीं जुळवून घेण्यास इतका अवधि लागतोच. दुसरा नियम, आधीं कडबा, मग खुराक. जनावराच्या एकंदर कोरड्या अन्नांत निम्म्याहून अधिक भाग चाऱ्याचाच असावा. तिसरा नियम, गहूं दळूं नये. जात्यावर जाडसर भरडून त्याचे दोनतीन तुकडे करावे. चवथा नियम, वेळा ठरलेल्या असाव्या व भिजविलेली आंबोण दुसऱ्या वेळेपर्यंत आंबत ठेवूं नये. पांचवा नियम, ज्या दिवशीं काम नाहीं त्या दिवशीं बैलाचा खुराक कमी करावा. पूर्वी ओझ्याच्या घोड्यांस सुटीच्या दिवशींही पूर्ण चंदी घालीत. दुसऱ्या दिवशीं गाडीस जुंपतांच त्यांचे स्नायु आंखडून ते जागच्या जागीं अडत. पोळा हाही विश्रांतीचाच दिवस आहे, हें येथें विसरूं नये.

शेळ्यामेंढ्या दाणा चांगला चावून खातात, म्हणून त्यांस अखंड गहूंही चालतो. ऑस्ट्रेलियांत अवर्षणाच्या वर्षीं मेंढपाळ असाच गहूं घालून मेंढ्या जगवितात. परंतु भुकेल्या शेळीनें धान्यावर ताव मारला तर तिला आम्लधर्मी अपचन होतेंच, आणि आंत्रविषार नांवाचा प्राणघातक रोगही होण्याचा संभव असतो. त्याची लस पावसाळ्यापूर्वी टोंचून घ्यावी. धान्यांत स्फुरद फार आणि चुना थोडा असल्यामुळें, नुसत्या धान्यावर वाढविलेल्या बोकडांस मुतखडा होतो. कोंबडीची गोष्ट मात्र निराळी. तिला दांत नाहींत, पण पोटांत पेषणी नांवाचें एक लहानसें जातेंच असतें. गिळलेले खडे व दाणे त्यांत रगडले जातात. म्हणून अखंड गहूं तिला उत्तम मानवतो. केवळ गव्हावर ठेवल्यास अंड्याचा बलक फिका पडतो, कारण पिवळ्या मक्यांतील रंगद्रव्य गव्हांत नसतें.

सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्रांत मोठी गारपीट झाली आणि काढणीस आलेला गहूं भिजून काळवंडला. असा माल बाजारांत विकत नाहीं, तेव्हां ‘गुरांस घालूं’ हा विचार सहज मनांत येतो. दाणा नुसता डागाळला किंवा किंचित् मोडावला असेल, तर तो चांगला वाळवून बेतानें घालण्यास हरकत नाहीं. परंतु ज्यावर बुरशी चढली आहे, ज्यास कुबट वास येतो, तो दाणा जनावरास कदापि देऊं नये. बुरशीचें विष धुतल्यानें जात नाहीं, उकळल्यानेंही जात नाहीं. तें गाईच्या यकृतास पोखरतें आणि त्याचा अंश दुधांत उतरतो. म्हणजे जो दाणा आपण खाण्यास अयोग्य म्हणून टाकला, तोच दुधाच्या पेल्यांतून आपल्या लहान भावंडाच्या पोटांत जातो! तसेंच पेरणीसाठीं औषध लावलेलें रंगीत बियाणें उरलें, तर तें ना जनावरास घालावें, ना कोंबड्यांपुढें टाकावें.

समजा, इतकी काळजी घेऊनही एखाद्या सायंकाळीं गाय राशीपाशीं सांपडली, तर काय करावें? तिला तत्काळ तेथून बाजूस न्यावें, आणि राशींतून किती गहूं कमी झाला याचा अंदाज घेऊन वेळ लिहून ठेवावी. ‘आतां तर बरी दिसते’ असें म्हणून स्वस्थ बसूं नये. लक्षणें बहुधा बारा तासांनंतर प्रकट होतात आणि मग हातीं फार थोडा वेळ उरतो. चारा न खाणें, रवंथ थांबणें, डावी कूस फुगणें व दाबल्यास आंत पाणी हालल्यासारखें वाटणें, आंबट वासाची पातळ हगवण व तींत दाणे दिसणें, डोळे खोल जाणें, चालतांना तोल जाणें, हीं त्या आजाराचीं लक्षणें होत. अशा वेळीं धान्य व ढेप बंद करून पशुवैद्यास बोलवावें. महाराष्ट्रांत १९६२ या क्रमांकावर दूरध्वनि केल्यास फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचें साह्य मागतां येतें. वैद्यास काय खाल्लें, किती खाल्लें व केव्हां खाल्लें, हें नेमकें सांगावें. त्याचा अर्धा निर्णय तेथेंच होतो. तोंडांतून बळेंच तेल किंवा काढा ओतूं नये. तो श्वासनलिकेंत गेला तर गाय अपचनापूर्वी त्यानेंच मरावयाची. खाण्याचा सोडा द्यावयाचा तर तोही वैद्याच्या सांगण्यावरून व त्यानें सांगितलेल्या मापानेंच.

आतां एक विचार उरतो. माणसाच्या तोंडचें धान्य जनावरास घालणें योग्य आहे काय? जगांत पिकणाऱ्या एकंदर धान्यापैकीं सुमारें एक तृतीयांश धान्य आज जनावरांच्या पोटांत जातें. सन १९३० सालीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गव्हाचा भाव अतोनात कोसळला आणि त्याच वर्षीं अवर्षणानें मक्याचें पीक बुडालें. तेव्हां तेथील शेतकऱ्यांनीं पुष्कळसा गहूं डुकरांस, कोंबड्यांस व गुरांस चारला. बाजारांत तो मातीमोल विकण्यापेक्षां तेंच त्यांस परवडलें. याच्या उलट चित्र महाराष्ट्रानें १९७२ च्या दुष्काळांत पाहिलें. त्या वर्षीं आपल्या माणसांनीं परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन दिवस काढले, आणि ती मिलो अमेरिकेंत मुख्यतः जनावरांसाठीं पिकवितात. एकाची गव्हाण ती दुसऱ्याची परात झाली! त्याहून मागें, १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडानें याहून कठीण दिवस पाहिले. तेव्हां दाणाही नव्हता आणि चाराही नव्हता, माणसें व गुरें दोन्ही मेलीं.

या घटनांपासून एक बोध घेतां येतो. गाईचा मोठेपणा यांत आहे कीं, जें आपणांस खातां येत नाहीं तें खाऊन ती आपणांस दूध देते. कडबा, कुटार, ढेप, कोंडा, चुनी हें तिचें. दाणा मुख्यतः आपला. त्यांतील मूठभर तिला द्यावयाचा तो तिच्या श्रमाचा व दुधाचा मोबदला म्हणून. चाऱ्याची उणीव झांकण्यासाठीं नव्हे. ज्यास गोठा राखावयाचा आहे त्यानें थोडी तरी ज्वारी पेरावी, बांधावर गवत राखावें आणि सुगींत कुटार जाळूं नये.

तेव्हां येत्या पोळ्यास तुम्हीं एवढें करा. बैलास घास द्यावयाचा तो एकच द्या. शेजाऱ्यांनीं आणलेल्या पोळ्या नम्रपणें हातांत घेऊन घरांत ठेवा. बैलाच्या पुढ्यांत हिरव्या गवताची पेंढी टाका, पाण्याची बादली ठेवा आणि त्याच्या मानेवरून हात फिरवा. रात्रीं निजण्यापूर्वी कंदील घेऊन एकदां गोठ्यांत जा. बैल शांत बसून, डोळे अर्धवट मिटून रवंथ करीत असला, म्हणजे तुमचें आवतण त्यास पोंचलें असें समजा.